खानेसुमारीबाहेरचे रोग : भारतातील बुरशीजन्य आजारांचा इतिहास

भारतातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास प्रामुख्याने मृत्यूंच्या नोंदींवरून लिहिला गेला आहे. पटकी, देवी, प्लेग, हिवताप आणि क्षय या रोगांनी माणसे मारली, त्यांची नोंद झाली, नोंदींमुळे सरकारी खाती उघडली गेली आणि त्या खात्यांनी पुन्हा नव्या नोंदी जमवल्या. इतिहासकाराच्या हाती जे दप्तर येते ते हेच. बुरशीमुळे होणारे आजार या दप्तरात फारसे सापडत नाहीत, कारण ते अतोनात पसरलेले असले तरी बहुतांशी जीव घेणारे नव्हते. नायटा झालेला माणूस शेतात जातो, गिरणीत जातो, लग्नकार्यात वावरतो. तो खाजवत राहतो पण मरत नाही, म्हणून सरकारदरबारी तो रुग्णच ठरत नाही. गेल्या दोन शतकांत राज्यसंस्थेने बुरशीची दखल घेतली ती पाय कापावा लागला किंवा डोळा काढावा लागला तेव्हा, आणि उरलेला सगळा भार घरगुती उपाय, वैदू, औषधविक्रेते आणि मलमाच्या डब्या यांच्यावर सोडून दिला. आजच्या परिस्थितीची मुळे या दुर्लक्षात शोधावी लागतात.

बुरशी, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत कवक, हा सजीवांचा वनस्पती व प्राणी यांहून वेगळा वर्ग आहे. तिच्या लाखो जातींपैकी फार थोड्या माणसाला रोग देतात आणि त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार त्वचा, केस आणि नखे यांतील केराटिन नावाच्या कठीण प्रथिनावर जगणाऱ्या बुरशींचा असून नायटा किंवा गजकर्ण हा त्यांचाच उद्योग. दुसरा प्रकार काटा किंवा कुसळ टोचल्यावर मातीतून कातडीखाली शिरणाऱ्या बुरशींचा. आणि तिसरा प्रकार हवेतल्या बीजुकांवाटे, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बियांवाटे, नाकात व फुप्फुसात उतरणाऱ्या किंवा आतड्यात आधीपासूनच वस्ती करून असलेल्या बुरशींचा, ज्या शरीराची प्रतिकारशक्ती खचली की उचल खातात. पहिल्या प्रकाराने ग्रासलेले लोक सर्वांत अधिक, तिसऱ्याने मरणारे सर्वांत अधिक, आणि दुसऱ्याने भारताचे नाव वैद्यकाच्या इतिहासात प्रथम नेले.

प्राचीन वैद्यकाला नायट्याचा परिचय चांगला होता. दद्रू या नावाने तो कुष्ठांच्या, म्हणजे त्वचारोगांच्या, यादीत येतो. मात्र चरकसंहितेत त्याची गणना क्षुद्रकुष्ठांत आहे, तर सुश्रुतसंहितेत महाकुष्ठांत. सिध्म या विकाराची, ज्याचा संबंध पुष्कळदा मराठीतल्या शिब्यांशी जोडला जातो, जागा दोन्ही ग्रंथांत नेमकी याच्या उलट आहे. हा मतभेद केवळ वर्गीकरणाचा मानण्याचे कारण नाही. मरण न आणणारा पण आयुष्यभर सोबत करणारा रोग मोठा म्हणावा की लहान, हा प्रश्न त्यात दडलेला आहे आणि आजच्या आरोग्ययोजनांनाही तो सुटलेला नाही. सुश्रुताने वर्णिलेला वल्मीक, म्हणजे हातापायांवर वारुळासारखा वाढत जाणारा आणि अनेक तोंडांनी वाहणारा व्रण, हा पुढे मदुरा फूट म्हणून ओळखला गेलेला आजार असावा, असेही अनेकांनी सुचवले आहे. लक्षणे जुळतात, परंतु दोन हजार वर्षांपूर्वीच्या वर्णनावरून रोगनिदान करण्याचा मोह आवरलेला बरा.

लोकव्यवहारात या आजारांचे उपचार घरोघरी होते. कोकणात आणि घाटावर पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेने उगवणारा टाकळा भाजीसाठी खुडला जातो, पण त्याचे संस्कृत नाव दद्रुघ्न आहे आणि त्याचे बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावण्याचा प्रघात जुना आहे. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात, त्यांत ओलाव्याने कुजलेल्या कातडीवर बुरशी आणि जिवाणू दोन्ही पोसले जातात. त्यांच्यावर मेंदीचा लेप लावून रात्र काढली जाई आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरले जाई. हे दुखणे दरवर्षी ठरल्या वेळी येणार आणि पावसाबरोबर जाणार, म्हणून ते ऋतूचा भाग मानले गेले. ज्या त्रासाला ऋतूचा भाग मानले जाते, त्याची तक्रार घेऊन कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

या घरगुती उपचारांच्या शेजारी एक बाजारी औषधही होते आणि त्याची कथा गोव्याशी बांधलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गोवा पावडर या नावाची पिवळसर, हवा लागली की तपकिरी-जांभळट होणारी भुकटी नायट्यावरचा रामबाण उपाय म्हणून विकली जात असे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांत ती कालवून चट्ट्यावर लावत. कातडी व कपडे डागाळत, चुकून डोळ्यांत गेली तर डोळे सुजत, पण नायटा हटत असे. मुंबईचे डी. एस. केम्प यांनी १८६४ मध्ये इंग्लंडमधील औषधशास्त्राच्या नियतकालिकात या भुकटीची माहिती दिली, तेव्हा ती कशापासून होते हे बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हते. पुढे १८७४ मध्ये सर जोसेफ फेरर यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि तो वाचून ब्राझीलमधील बाइया येथील डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी कळवले की हा पदार्थ म्हणजे त्यांच्याकडे सर्रास मिळणारी अरारोबा नावाची भुकटी आहे. बाइयाच्या जंगलातील एका मोठ्या झाडाच्या खोडातील फटींमध्ये ती साचते आणि लाकूडतोडे ती खरवडून काढतात. बाइया आणि गोवा ही दोन्ही पोर्तुगिजांची ठाणी होती आणि त्यांच्यामध्ये जहाजांची ये-जा होती. त्या जहाजांतून हे औषध गोव्यात आले आणि तेथून मुंबईत पोचताना स्वतःचे मूळ नाव मागे टाकून आले.

रसायनशास्त्रज्ञ जॉन अॅटफिल्ड यांनी १८७५ मध्ये या भुकटीचे पृथक्करण करून तिचा बहुतांश भाग क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचे सांगितले. तीन वर्षांनी ते मत दुरुस्त झाले आणि मूळ द्रव्य क्रायसारोबिन असून हवेतील ऑक्सिजनने त्याचे क्रायसोफॅनिक आम्लात रूपांतर होते, हे स्पष्ट झाले. लक्षणीय बाब अशी की टाकळ्याच्या बियांतही याच कुळातील द्रव्ये आहेत. कोकणातला टाकळा आणि ब्राझीलचे झाड यांचे वनस्पतिकुल एकच, त्यांतील औषधी द्रव्ये सारखी, आणि ती आंबट रसात कालवून लावण्याची रीतही सारखी. तरीही पैसे मोजून समुद्रापलीकडची भुकटी घेतली गेली, यावरून नायट्याने हैराण झालेले गिऱ्हाईक केवढे होते याचा अंदाज बांधता येतो. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांनी १८७६ च्या सुमारास, नायटा समजून ही भुकटी लावलेल्या एका रुग्णाचा आजार प्रत्यक्षात सोरायसिस होता आणि तो बरा झाला, हे पाहिले; त्या निरीक्षणातून सोरायसिसवरील उपचारांची जी परंपरा सुरू झाली ती १९१६ मध्ये तयार झालेल्या डिथ्रानॉलपर्यंत पोचते. नायट्याचे औषध दुसऱ्याच रोगाच्या कामी आले आणि नायट्याचा अभ्यास मात्र होता तेथेच राहिला.

याच शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील प्रयोगशाळांत एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती, जिचे महत्त्व नंतरच्या जिवाणूशास्त्राच्या झगमगाटात झाकोळले. सूक्ष्मजीवांमुळे माणसाला रोग होतो याचे पहिले पुरावे जिवाणूंचे नव्हते, बुरशीचे होते. आगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्ये रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे दाखवले. योहान शोनलाइन यांनी १८३९ मध्ये आणि पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ पासून पुढे डोक्याच्या त्वचेच्या रोगांत बुरशी असल्याचे सिद्ध केले. क्षयाचा जिवाणू कॉख यांना सापडला तो त्यानंतर चार दशकांनी, १८८२ मध्ये. म्हणजे बुरशीशास्त्राला आघाडी मिळाली होती. ती टिकली नाही, कारण बुरशी डोके खाजवायला लावत होती आणि जिवाणू शहरे ओस पाडत होते.

ग्रुबी पॅरिसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केस तपासत होते त्याच सुमारास, १८४२ मध्ये, मदुराईच्या दवाखान्यातील गिल या डॉक्टरांनी पायाच्या एका विचित्र विकाराची नोंद केली. पाऊल सुजून बेढब होते, त्यावर गाठी उठतात, गाठींना छिद्रे पडतात आणि त्यांतून पू व बारीक दाणे वाहतात. वेदना तुलनेने कमी, पण वर्षानुवर्षे हाड पोखरले जाऊन पाय निकामी होतो. कोलब्रुक यांच्या १८४६ मधील वृत्तांतापासून मदुरा फूट हे नाव रूढ झाले. या रोगाला बुरशीचा रोग म्हणून पायाशुद्ध वर्णन आणि मायसेटोमा हे नाव दिले ते मात्र मुंबईच्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी.

कार्टर हे नाव शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते, निदान ऐकायला हवे. हेन्री ग्रे यांच्या शरीरशास्त्रावरील जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे त्यांच्या हातची आहेत. १८५८ मध्ये तो ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन मुंबईस आलेले होते आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले होते. शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात शस्त्रक्रियेने कापलेले पाय त्यांच्यासमोर येत. असे पाऊल उभे चिरले असता आतली रचना नाहीशी झालेली दिसे. स्नायू, चरबी आणि हाड यांच्या जागी पोकळ्या व त्यांना जोडणाऱ्या नळ्या, आणि त्या पोकळ्यांत काही रुग्णांत बंदुकीच्या दारूच्या कणांसारखे काळे, तर काहींत फिकट पिवळसर दाणे ठासून भरलेले. ज्या हाताने निरोगी शरीराच्या शिरा आणि सांधे रेखाटले होते, त्याच हाताने कार्टर यांनी ही पडझड रेखाटली आणि १८६० मध्ये मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे हा भारताच्या अनेक भागांत वसलेला बुरशीजन्य रोग असल्याचे प्रतिपादन केले. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. या रोगावरचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ १८७४ मध्ये लंडनमध्ये निघाला आणि त्याच्या नावातच या आजाराला भारताचा बुरशीरोग असे म्हटले होते.

रोगी बहुतेक अनवाणी काम करणारे शेतकरी आणि मजूर असत. रानात काटा मोडतो, काट्याबरोबर मातीतली बुरशी आत जाते, काटा निघतो किंवा कुजतो, आणि गाठ दिसू लागते तोवर काट्याची आठवणही राहिलेली नसते. औषध नव्हते, पाय कापणे हाच खात्रीचा उपाय होता आणि क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाल्यामुळे तो सोसण्याजोगा झाला होता. अशा माणसाचा पाय गेला की कुटुंबाची शेती गेली, हे सांगण्यासाठी सांख्यिकीची आवश्यकता नाही. परंतु अशा पायांची इलाख्यात वा देशात एकत्रित मोजदाद कधी झाली नाही आणि उपलब्ध आहेत ते एकेका रुग्णालयाचे आकडे, उदाहरणार्थ बोकारो यांनी सिंधमधील हैदराबादेतून १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेले शंभर रुग्णांचे विश्लेषण.

कार्टर यांच्या प्रतिपादनाला विरोधही झाला. कापलेल्या पायांच्या नमुन्यांवर उगवलेली एक लालसर बुरशी त्यांना रोगकारक वाटली होती आणि इंग्लंडचे कवकतज्ज्ञ बर्कली यांनी तिला कार्टर यांचे नावही दिले. पुढे ती बाहेरून आलेली निरुपद्रवी बुरशी ठरली. कलकत्त्याचे ल्युइस आणि कनिंगहॅम यांनी १८७५ च्या अहवालात बुरशी हे रोगाचे कारण असल्याबद्दलच शंका घेतली. मुंबईचे एन. एफ. सर्व्हेअर यांनी रुबर्ट बॉइस यांच्यासह दाण्यांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचे निष्कर्ष १८९४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी व्हिन्सेंट यांनी अल्जीरियातील रुग्णाच्या फिकट दाण्यांतून जो सूक्ष्मजीव वाढवला, तो आजच्या वर्गीकरणानुसार बुरशी नसून तंतुरूप जिवाणू आहे. काळे दाणे खऱ्या बुरशीचे, फिकट दाणे बऱ्याचदा जिवाणूंचे, हा भेद विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १९१३ मधील पिनॉय यांच्या मांडणीनंतर, पक्का झाला. म्हणजे भारताचा बुरशीरोग म्हणून जो गाजला त्याचा मोठा हिस्सा बुरशीचा नव्हताच. तरीही काळे आणि फिकट असे दोन गट कार्टर यांनी केवळ डोळ्यांनी आणि कुंचल्याने वेगळे केले होते, आणि आजही उपचाराची दिशा त्याच भेदावर ठरते: जिवाणूंच्या प्रकाराला प्रतिजैविके लागू पडतात, बुरशीच्या प्रकाराला महिनोन्‌महिने बुरशीनाशक द्यावे लागते आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला तो २०१६ मध्ये, गिल यांच्या नोंदीनंतर पावणेदोनशे वर्षांनी.

ब्रिटिश अमदानीतील वार्षिक आरोग्य अहवालांत मृत्यूंची विभागणी पटकी, देवी, ताप, अतिसार, इजा आणि इतर सर्व कारणे अशा मोजक्या रकान्यांत होई, पुढे त्यात प्लेगची भर पडली. बुरशीने कोणी मेले असेल तर तो ताप किंवा इतर सर्व कारणे यांत जिरला. दवाखान्यांच्या तक्त्यांत त्वचारोगांची संख्या मोठी दिसते, पण त्यात खरूज, गळवे, इसब आणि नायटा यांची सरमिसळ आहे. नायट्याचा शास्त्रीय धांडोळा घेणारे लिखाण विरळच; त्यांपैकी आर्थर पॉवेल यांचा आसामातील नायट्यावरील १९०० मधील लेख आरंभीचा मानला जातो. गोऱ्या शिपायांच्या जांघेत होणाऱ्या नायट्याला मात्र चटकन स्वतंत्र ओळख मिळाली, ती धोबी इच या नावाने. घामट हवा, घट्ट गणवेश आणि बराकीतली सामायिक पंचे-अंतर्वस्त्रे यांकडे बोट दाखवण्याऐवजी कपडे धुणाऱ्याला दोषी धरले गेले. भट्टीत उकळलेले आणि कडक उन्हात वाळवलेले कपडे हे बुरशीचे वाहन होण्यास सर्वांत कमी योग्य होते, ही बाब कोणाच्या लक्षात आली नाही किंवा आली तरी सोयीची नव्हती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गणपती पांजा आणि इतरांनी त्वचेच्या बुरशींवर काम केले, पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये हरबन्ससिंग रंधावा यांनी आणि चंडीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेत अरुणालोके चक्रवर्ती यांनी वैद्यकीय बुरशीशास्त्राची केंद्रे उभी केली. उपचारांच्या बाजूने मोठी झेप घडली ती शतकाच्या मध्यावर. तोपर्यंत गोवा पावडर आणि आर्थर व्हिटफील्ड यांचे १९०७ चे, बेन्झॉइक व सॅलिसिलिक आम्लांचे, मलम यांवरच भिस्त होती. १९५० मध्ये निस्टॅटिन, त्यानंतर मातीतील जिवाणूपासून मिळालेले अॅम्फोटेरिसिन बी आणि १९५८ पासून नायट्यावर पोटात घ्यायचे ग्रिझिओफल्व्हिन ही औषधे आली.

या झेपेत महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याला संशोधन विभाग होता. तेथे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले, आणि त्यापासून मिळालेले बुरशीनाशक १९६१ मध्ये कारखान्याच्या नावावरून हॅमायसिन म्हणून जाहीर झाले. अॅम्फोटेरिसिनच्याच कुळातले हे औषध पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तात नीट उतरत नसे. परिणामी तोंडातील व योनिमार्गातील कँडिडा बुरशीवर बाहेरून लावण्यापुरता त्याचा वापर मर्यादित राहिला. त्याची विद्राव्यता सुधारण्यासाठी सातत्याने पैसा आणि माणसे लागली असती. ती मिळाली असती तर देशाला स्वतःचे अंतर्गत बुरशीनाशक मिळाले असते असे ठामपणे म्हणता येत नाही, पण २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या जीवघेण्या बुरशीरोगावर लागणाऱ्या अॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी जी धावाधाव झाली ती पाहता हा प्रश्न अप्रस्तुतही म्हणता येत नाही.

नायट्याचे शेवटचे पर्व या औषधांच्या सुबत्तेतून निर्माण झाले. १९७० नंतर बुरशीनाशक मलमे आणि १९९० च्या दशकात टर्बिनाफिनच्या गोळ्या आल्या आणि नायटा ही किरकोळ बाब ठरली. त्याच वेळी बाजारात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे स्वस्तात मिळू लागली. स्टेरॉइड म्हणजे दाह शमवणारे संप्रेरकवर्गीय औषध. ते लावताच खाज दोन दिवसांत थांबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावल्यामुळे बुरशी बिनबोभाट पसरते आणि कडा पुसट होऊन नायटा ओळखूही येत नाही. अशा झाकलेल्या नायट्याचे वर्णन इंग्लंडमध्ये १९६८ मध्येच झाले होते. भारतात मात्र दुकानदार, शेजारी आणि स्वतः रुग्ण हेच वैद्य होते, आणि खाज थांबली हीच त्यांची बरे होण्याची व्याख्या होती. या व्याख्येला लोकांचे अज्ञान म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल, कारण खाजेखेरीज दुसरे काही तपासून देणारी व्यवस्था त्यांच्यासाठी कोणी उभारलीच नव्हती.

२०१४ च्या आसपासपासून देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना सबंध अंगावर पसरलेला, घरातील सगळ्यांना एकाच वेळी झालेला आणि नेहमीच्या मात्रेला दाद न देणारा नायटा दिसू लागला. त्यांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून न विकण्याच्या औषधांत घातली. नियम झाला, पण दुकानाच्या फळीवरून ती मलमे हलली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. या नायट्यामागची बुरशी वेगळी जात असल्याचे जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० मध्ये दाखवले आणि तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिई हे नाव दिले. टर्बिनाफिन ज्या विकरावर घाव घालते त्या विकराच्या जनुकातच तिच्यात बदल झालेले आढळतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण नोंदवले गेले, तेव्हा अमेरिकेत लगोलग सार्वजनिक सूचना निघाली.

जीवघेण्या बुरशीची कहाणी याच काळात समांतर चालली होती. म्युकरमायकोसिस हा शिळ्या पावावर किंवा कुजक्या पाल्यावर वाढणाऱ्या बुरशींचा रोग. त्यांची बीजुके सर्वांच्याच श्वासातून जातात, पण रक्तातील साखर अनियंत्रित असली आणि रक्त आम्लधर्मी झाले की ती नाकाच्या पोकळीत रुजतात, रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडतात आणि मृत ऊती काळी पडते. चंडीगडच्या संस्थेने १९९० च्या दशकातील दहा वर्षांत असे १२९ रुग्ण नोंदवले होते आणि २००० ते २००४ या पाच वर्षांतच १७८. वाढीचे कारण मधुमेह, हेही तेथील तज्ज्ञांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. देशात दर दहा लाखांमागे सुमारे १४० जणांना हा रोग होत असावा, असा त्यांचा गणिती अंदाज होता, जो विकसित देशांतील प्रमाणाच्या कैक पटींनी अधिक आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह, विषाणू आणि सढळ हाताने दिलेली स्टेरॉइडे एकत्र आली, तेव्हा धोक्याची सूचना पंधरा वर्षे जुनी झालेली होती. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी झालेल्या कायद्याच्या कक्षेत बुरशी आली आणि प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची झाली. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात, त्याखालोखाल गुजरातेत. अनेकांचे प्राण वाचवताना डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला.

सबंध देशावरील भाराचा पहिला सर्वंकष अंदाज २०२२ च्या अखेरीस भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मांडला. विखुरलेल्या अभ्यासांतील प्रमाणे घेऊन त्यांना मधुमेही, क्षयरोगी, दमेकरी, अतिदक्षता विभागातील रुग्ण अशा जोखमीच्या गटांच्या संख्येने गुणण्याची ही पद्धत आहे. तिचे उत्तर सुमारे ५ कोटी ७० लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या ४ टक्क्यांहून थोडे अधिक, असे आले. त्यांत वारंवार होणाऱ्या योनिमार्गाच्या कँडिडाने त्रस्त स्त्रिया सुमारे २ कोटी ४० लाख आणि डोक्याचा नायटा असलेली शाळकरी मुलेही जवळपास तेवढीच आहेत. फुप्फुसातील जीर्ण अॅस्परजिलस संसर्गाचे रुग्ण १७ लाखांच्या घरात आहेत. ही बुरशी क्षयाने पडलेल्या पोकळ्यांत वाढते, तिचा खोकला आणि रक्त क्षयासारखेच असते, आणि म्हणून असे रुग्ण पुष्कळदा क्षयाच्या औषधांवरच ठेवले जातात व क्षयाच्याच आकड्यांत मोजले जातात. हा अंदाज मोठ्या शहरांतील थोड्या रुग्णालयांच्या आकडेवारीवर उभा असल्याने त्याकडे जनगणनेसारखे पाहता येणार नाही. मात्र चूक झाली असल्यास ती कमी मोजण्याकडे झाली असण्याचा संभव अधिक, कारण अंगावरचा साधा नायटा यात धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याने लक्ष देण्याच्या १९ रोगकारक बुरशींची यादी केली, तीतही म्युकर आणि मायसेटोमाच्या बुरशी आहेत, नायट्याच्या नाहीत.

नायट्याचे निदान महागडे नाही. चट्ट्याच्या कडेचा खवला बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि काही मिनिटे थांबायचे; द्रावणाने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. हिवताप आणि क्षय यांच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक व तो हाताळणारा तंत्रज्ञ ग्रामीण आरोग्य केंद्रांपर्यंत पोचून कित्येक दशके झाली आहेत. त्या सूक्ष्मदर्शकाखाली नायट्याचा खवला क्वचितच ठेवला जातो. रुग्ण बहुधा त्या केंद्रावरून पुढे जाऊन औषधाच्या दुकानात मलमाची नळी मागतो.